दोन दिवसांची सुट्टी आणि यॉर्क शहर



या व्याख्यानमालेत माझ्याआधी विद्वान वक्ते बोलून गेले. कोणी संतवाङ्मयावर बोलले, कोणी अवकाशशास्त्रावर. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "इंग्लंडमधल्या एका जुन्या शहरात दोन दिवस स्वस्तात कसे राहावे, यावर बोलतो." त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. युनियनचा माणूस पगारवाढीवर बोलेल, बोनसवर बोलेल. सहलीवर काय बोलणार? पण मला विचाराल तर सहल हा पगारवाढीचाच विषय आहे. कसा, ते तासाभरात पटले तर टाळ्या वाजवा. न पटले तर प्रश्न विचारा.

या सभागृहात असे पुष्कळ आईबाप बसले आहेत की ज्यांची मुले इंग्लंडात नोकरीला आहेत. आपण तिकडे जातो, तीन-चार महिने राहतो आणि बहुतेक दिवस खिडकीशी बसून काढतो. बाहेर पडायचे म्हटले की मनात गुणाकार सुरू होतो: एका पाउंडाचे शंभरावर रुपये! चहाचा पेला घेतला तरी घशात आकडा अडकतो. आमचेही तसेच झाले. आमची मुलगी लीड्स शहरात रुग्णालयात परिचारिका आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे होतो. तिला रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी मिळाली. ती म्हणाली, "बाबा, दोन दिवस यॉर्कला जाऊ या." मी सवयीने म्हणालो, "कशाला खर्च? तू आराम कर." तेव्हा आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तीस वर्षं दुसऱ्यांच्या सुट्टीसाठी भांडलात. आपल्या घरच्या सुट्टीचा करार कोणी करायचा?"

मंडळी, मी पुष्कळ मालकांपुढे बसलो आहे. पण इतका निरुत्तर कधी झालो नव्हतो. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती आणि लग्नकार्य, दवाखाना किंवा देवदर्शन यांखेरीज मी तिला एकदाही कुठे नेले नव्हते. तेव्हा मी वही काढली. करार करायचाच तर नीट करू, असे ठरवले.

पहिले कलम तारखेचे. स्वस्त सहलीचे अर्धे काम तारीख करते. यॉर्कला मे ते ऑक्टोबर या काळात घोड्यांच्या शर्यती असतात, नोव्हेंबर-डिसेंबरात नाताळचा बाजार भरतो, फेब्रुवारीत व्हायकिंग लोकांचा उत्सव असतो. त्या दिवसांत खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. शिवाय शनिवारची रात्र महाग आणि रविवारची स्वस्त, हा तर नियमच. मुलीची सुट्टी रविवार-सोमवार पडली, त्याचा आम्हाला असा लाभ झाला.

दुसरे कलम प्रवासाचे. लीड्सहून यॉर्क आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. बसने तासाहून थोडे अधिक लागते. पण २०२५ च्या आरंभापासून इंग्लंडात बसच्या एका फेरीला फार तर ३ पाउंड भाडे, अशी सरकारने मर्यादा घातली होती. म्हणून आम्ही बस धरली. ज्यांची मुले लंडनमध्ये आहेत त्यांना आगगाडीच बरी. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, वेळ सुमारे दोन तास. मात्र आयत्या वेळी तिकीट काढाल तर पस्तावाल. काही आठवडे आधी ठराविक गाडीचे तिकीट काढले की ते पुष्कळच स्वस्त पडते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिघांपासून नऊ जणांपर्यंत एकत्र निघालात आणि गर्दीची वेळ टाळलीत, तर बऱ्याच गाड्यांवर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. संघटनेचे फायदे मी आयुष्यभर सांगत आलो. तिथे ते रेल्वेच्या दरपत्रकात छापलेले आहेत!

तिसरे कलम मुक्कामाचे. तटाच्या आतली हॉटेले महाग असतात. तटाबाहेर पंधरा-वीस मिनिटे चालण्याची तयारी असली की भाव उतरतो. आम्ही अशाच एका वसतिगृहात तिघांना मिळून एक खोली घेतली. वसतिगृह म्हटले की आपल्याला कॉलेजची पोरे आठवतात. पण तिकडे पांढऱ्या केसांची माणसे बिनदिक्कत उतरतात. खाली सामायिक स्वयंपाकघर असते. आमच्या मंडळींनी तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी कढी-खिचडीचा बेत करायचे ठरवले होते. पण सोमवारचा उपवास आठवला आणि साबुदाण्यावर निभावले.

या साध्या मुक्कामांमागे इतिहास आहे. इंग्लंडात लँकशायर परगण्यात कोल्न नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. वर्षातून एकदा गिरण्या आठवडाभर बंद राहत, आणि साठवलेला पैसा कामगार समुद्रकाठच्या गर्दीत उधळून येत. त्या गावचे धर्मोपदेशक टी. ए. लिओनार्ड यांनी १८९१ साली काही कामगारांना डोंगरात पायी हिंडायला नेले. साधे राहायचे, साधे खायचे, खर्च वाटून घ्यायचा. त्यातून १८९३ साली सहकारी सहलींची संस्था निघाली, आणि पुढे १९३० साली यूथ होस्टेलांची संघटना उभी राहिली. गरिबाने सुट्टीत काय करावे, हा प्रश्न त्या गिरणगावात कोणी तरी मनावर घेतला, म्हणून आज तुमच्या-माझ्यासारख्याला तिथे परवडणारी खाट मिळते.

चौथे कलम जेवणाचे. दुपारची शिदोरी घरून न्यावी. आम्ही थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी आणि फळे नेली. संत मेरीच्या पडक्या मठाभोवती सार्वजनिक बाग आहे, तिथे बाकावर बसून खाल्ली. कोणी उठा म्हणाले नाही. रात्रीचे जेवण मात्र बाहेर घेतले. इथे एक सावधगिरीची सूचना. यॉर्कशायरात मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी फार प्रसिद्ध आहेत. पण तिथल्या जुन्या वळणाच्या दुकानांतून त्या गुराच्या चरबीत तळतात. फोडी बटाट्याच्या म्हणून निर्धास्त राहू नका. कशात तळता, हे विचारा. ते लोक सरळ सांगतात. आम्ही विचारले, त्यांनी सांगितले, आणि आम्ही आभार मानून पलीकडे भाजलेला मोठा बटाटा, त्यावर लोणी आणि टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याची उसळ, असे जेवलो. पाणी विकत घेऊ नका. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या खाणावळींनी गिऱ्हाइकाला नळाचे पाणी फुकट द्यावे, असा तिथे नियम आहे.

पाचवे कलम पाहण्याचे. जे फुकट आहे ते आधी पाहावे, आणि पैसे देऊन पाहायचे ते एखादेच निवडावे. आम्ही वही घेऊन बसलो तेव्हा असे दिसले की यॉर्कमधले जे उत्तम, त्यातले पुष्कळसे फुकटच आहे.

शहर जुने म्हणजे किती जुने? इसवी सन ७१ मध्ये रोमन सैन्याने तिथे छावणी घातली. ३०६ साली कॉन्स्टंटाइनला रोमन सैन्याने याच गावी सम्राट म्हणून घोषित केले. ८६६ साली व्हायकिंगांनी ते जिंकले. त्यांच्या भाषेचा अवशेष म्हणून तिथे रस्त्याला ‘गेट’ म्हणतात. वेशीच्या दरवाजाला मात्र ‘बार’ म्हणतात. वेशीला बार म्हटल्यावर आमच्याकडचे काही कार्यकर्ते नक्कीच चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतील.

आम्ही बसमधून उतरलो ते प्रथम रेल्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. ते १९७५ साली यॉर्कला उघडले. प्रवेशाला पैसे नाहीत. तिथे ‘मॅलार्ड’ नावाचे निळे इंजिन उभे आहे. ३ जुलै १९३८ रोजी त्याने ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम ठरला. जपानच्या वेगवान गाडीचा डबाही तिथे आहे, आणि इंग्लंडातच बनवून चीनला पाठवलेले एक प्रचंड इंजिनही परत येऊन उभे आहे. मी त्या इंजिनांकडे पाहत होतो, तेवढ्यात मंडळींनी विचारले, "यात कोळसा टाकणाऱ्या माणसाला रजा किती असायची हो?" तीस वर्षांच्या संसाराचा असा परिणाम होतो.

दुपारी आम्ही मिन्स्टर या महामंदिरात गेलो. आजची इमारत १२२० च्या सुमारास सुरू झाली आणि १४७२ साली पुरी झाली, म्हणजे अडीचशे वर्षे काम चालले. एरवी तिथे जायला तिकीट पडते आणि ते स्वस्त नाही. पण प्रार्थनेला येणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. रविवारच्या सायंप्रार्थनेला आम्ही जाऊन बसलो. प्रार्थनेच्या वेळी हिंडून पाहू नये, छायाचित्रे काढू नयेत. आपल्या देवळात कीर्तन चालू असता आपण जशी अपेक्षा करतो, तशीच. दगडी छताखाली गायकवृंदाचे सूर चढत गेले. शब्द समजले नाहीत. मंडळींनी हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत.

त्या मंदिराच्या पूर्वेकडे रंगीत काचांची एक खिडकी आहे. तिला खिडकी म्हणायचे, पण ती टेनिसच्या मैदानाएवढी आहे. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने ती १४०५ ते १४०८ या काळात घडवली. त्याच्या मजुरीचा करार नोंदलेला आहे: आठवड्याला ४ शिलिंग, शिवाय वर्षाला ५ पाउंड, आणि तीन वर्षांत काम पुरे केल्यास वर १० पाउंड. सगळे मिळून सुमारे ५६ पाउंड. मूळ वेतन, वार्षिक रक्कम आणि मुदतीत काम केल्याचा बोनस! सहाशे वर्षांपूर्वीचा हा करार आजच्या कोणत्याही करारपत्रकाशेजारी ठेवा. राजे कोण होते ते मला आठवत नाही. त्या कारागिराचा पगार मात्र मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तटावर चढलो. शहराभोवती सुमारे साडेतीन किलोमीटरांचा दगडी तट आहे. मधे तुटक आहे, पण बराचसा चालता येतो. सकाळी ८ वाजता उघडतो, अंधार पडला की बंद होतो, तिकीट नाही. रमतगमत दोन तास लागतात. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, पायऱ्या झिजलेल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी जपून चालावे आणि पायात घट्ट बूट असावेत. मार्चमध्ये तटाखालच्या हिरव्या उतारावर पिवळी डॅफोडिलची फुले फुलतात. आमच्या मंडळी नऊवारीवर बूट घालून तटावरून चालल्या आणि मिन्स्टरचे बुरूज दिसले की थांबून पाहत राहिल्या.

आता ऐका. हा तट आज यॉर्कच्या पोटापाण्याचे साधन आहे, पण १८०० साली खुद्द तिथल्या नगरपालिकेनेच तो पाडायला काढला होता. दुरुस्तीचा खर्च नको, अरुंद वेशीतून वाहने जात नाहीत, ही कारणे. काही भाग पाडलाही. वेशींपुढचे संरक्षक बांधकाम गेले. वॉल्मगेटच्या वेशीचे तेवढे शिल्लक आहे. पण लोक विरोधात उभे राहिले. विल्यम एटी नावाच्या चित्रकाराने आणि इतरांनी चळवळ केली, आणि तट वाचला. फुकट म्हणून ज्यावर आपण चालतो, त्याची किंमत कोणी तरी आधी भरलेली असते. आपल्याही गावाला वेस होती. ती कुठे गेली, हे आपण अध्यक्षांनाच विचारू.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिकडे येतो. आपली नातवंडे किटकॅट खातात. ते चॉकलेट १९३५ साली प्रथम यॉर्कच्या राउंट्री यांच्या कारखान्यात निघाले. १९८८ साली तो कारखाना नेस्लेने घेतला. या राउंट्री घराण्यातले सीबोम राउंट्री यांनी १८९९ साली यॉर्कच्या कामगारवस्तीची घरोघर पाहणी केली. ४६,७५४ माणसांची माहिती जमवली. १९०१ साली पुस्तक निघाले. शहरातली सुमारे २८ टक्के माणसे दारिद्र्यात आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. दारिद्र्य मोजायचे कसे? तर नवरा, बायको आणि तीन मुले यांना नुसते शरीर धरून राहायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांनी हिशेब मांडला. शिकवणीवर्गात हा हिशेब मी पुष्कळदा फळ्यावर लिहिला आहे. त्यात भाडे होते, अन्न होते, कपडे होते, जळण होते. पण त्यात वर्तमानपत्राला अर्धा पैसा नव्हता. गाडीभाड्याला पैसा नव्हता. मुलाच्या खेळण्याला नव्हता. राउंट्री हे दुष्ट गृहस्थ नव्हते. लोकांनी आकडा फुगवला असे म्हणू नये म्हणून त्यांनी तो मुद्दाम आखडून धरला, आणि अशा जिण्याचा अर्थ काय होतो हे स्पष्ट लिहून ठेवले.

पुढे १९१९ साली त्यांच्या कारखान्यात ४४ तासांचा, पाच दिवसांचा आठवडा झाला. आणि १९३६ साली त्यांनी यॉर्कची दुसऱ्यांदा पाहणी केली, तेव्हा गरजेची यादीच बदलली. आता तीत वर्तमानपत्र आले, रेडिओ आला, कामगार संघटनेची वर्गणी आली, आणि करमणूक व सुट्टी यांसाठीही काही शिलिंग आले. १९३८ साली इंग्लंडात पगारी सुट्टीचा कायदा झाला. पस्तीस-छत्तीस वर्षांत सुट्टी ही चैनीच्या रकान्यातून गरजेच्या रकान्यात आली. मंडळी, एका ओळीने रकाना बदलण्यासाठी माणसांच्या दोन पिढ्या खपतात.

आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईच्या गिरण्यांतून आठवड्याची सुट्टी नव्हती तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १८९० साली रविवार मिळाला. रविवार आपल्याला कॅलेंडरवाल्याने दिलेला नाही.

पण त्या रविवाराचे, त्या रजेचे आपण काय केले? इथे मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. एका कारखान्यात मी शिल्लक रजेचे पैसे मिळण्याचा करार केला. फार वाहवा झाली. तिथला एक बॉयलरवाला दरवर्षी सगळी रजा विकत असे. मुलाची फी, पत्र्याचे छप्पर, मुलीचे लग्न. कारणे सगळी खरी होती. निवृत्तीला चौदा महिने राहिले असता तो गेला. त्याची बायको युनियनच्या कचेरीत कागदावर सही करायला आली. म्हणाली, "साहेब, पंढरपूरला एकदा दोघांनी जायचं ठरवलं होतं. रजा शिल्लक राहिली नाही." त्या दिवसापासून मी त्या कलमाची फुशारकी मारली नाही. कमी पगारावर रजा विकावी लागते, हे मला मान्य आहे; म्हणून तर पगार वाढला पाहिजे. पण रजा विकणे हीच ज्याला शहाणपणाची गोष्ट वाटते, त्याने राउंट्रींची पहिली यादी आपल्या हाताने पुन्हा लिहिली आहे.

यॉर्कमध्ये नदीकाठी राउंट्री पार्क आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कारखान्यातल्या माणसांच्या स्मरणार्थ कंपनीने ती जागा १९२१ साली शहराला दिली. सोमवारी दुपारी आम्ही तिथे बसलो. मुलगी गवतावर आडवी झाली आणि झोपली. रात्रपाळ्या करून तिच्या डोळ्यांखाली काळे आले होते. तिची आई तासभर तिच्या कपाळावर पदराची सावली धरून बसली. मला कोणी विचारले की यॉर्कमध्ये काय पाहिलेत, तर मी हे सांगेन.

त्याच सकाळी वसतिगृहात आमची खोली झाडायला एक मुलगी आली होती. मी लेकीकरवी तिला विचारले, "तुझी सुट्टी केव्हा?" ती म्हणाली, "मंगळवार आणि बुधवार." आपली सुट्टी कोणाच्या तरी कामाच्या दिवसावर उभी असते. तेव्हा खोली आवरून सोडावी, आणि तिला तिचा मंगळवार मिळतो की नाही याची चौकशी करावी. स्वस्त सहल म्हणजे दुसऱ्याच्या मजुरीवर डल्ला नव्हे.

आता हिशेब, कारण हिशेबाशिवाय माझे भाषण संपत नाही. तिघांची बस जाऊन-येऊन १८ पाउंड. खोली ६६. रात्रीचे जेवण २१. दोन दिवसांचा चहा १०. मिन्स्टरच्या पेटीत ३. एकूण ११८. आम्ही १२० ठरवले होते. दोन उरले, त्यांचे किटकॅट घेतले आणि परतीच्या बसमध्ये तिघांनी खाल्ले. रुपयांत ही रक्कम साडेतेरा हजारांच्या आत बसली. ती आपल्याला थोडी नाही, हे मी जाणतो. पण मुलीच्या सुमारे एका लांब पाळीच्या कमाईत ती बसली. ती आम्हाला म्हणाली, "बाबा, इथे येऊन तीन वर्षं झाली. मी पहिल्यांदाच सुट्टी घेतली. एरवी नुसती झोपत होते."

तेव्हा माझे सांगणे एवढेच. तुमची मुले इंग्लंडात असोत की इचलकरंजीत, घरखर्चाच्या वहीत सुट्टीचा रकाना वर्षाच्या आरंभी घाला. उरले तर जाऊ, असे म्हणू नका, कारण उरत नसते. तारीख आधी ठरवा, शिदोरी बरोबर घ्या, फुकटचे आधी पाहा आणि जे फुकट आहे ते राखणाऱ्यांची आठवण ठेवा. यॉर्कला जमले नाही तर पन्हाळ्याला जा. तिथला तटही काही कमी जुना नाही.

परत आल्यावर आम्ही दोघे पंढरपूरला जाऊन आलो. बॉयलरवाल्याच्या बायकोला बरोबर नेले होते. रजा मी विकली नव्हती.